मोरे बाईंची चतुर्थी

मोरे बाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि मोठ्या इंग्रजी शब्दांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. स्टाफरूममध्ये कुणी पेपरातला एखादा लांबलचक शब्द पुढे करून अर्थ विचारला, की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "हा वर्षातून एकदा भेटणार. त्याला नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. घरात रोज येतात-जातात ते छोटे. त्यांची नीट ओळख आहे का तुझी?"

आमची शाळा मुलुंड पूर्वेला, मराठी माध्यमाची. मी तिथे मराठी शिकवते. मी रुजू झाले तेव्हा मोरे बाई जुन्या झालेल्या होत्या. उंचीने बेताच्या, सुती साडी, पदर घट्ट खोचलेला, आणि आवाज असा की सातवीत शिकवायला लागल्या की वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ऐकू जायचा. त्यांचं बालपण विक्रोळीच्या कामगार वसाहतीत गेलं. वडील साताऱ्याकडून आलेले, कारखान्यात फिटर. घरात आठ माणसं आणि एक खोली, त्यामुळे मोठ्याने बोलल्याशिवाय आपलं कुणी ऐकत नाही अशी त्यांची लहानपणापासूनची खात्री. त्या मला पहिल्या दिवसापासून "ए शुभांगी" म्हणाल्या, आणि मी त्यांना आजही मोरे बाईच म्हणते.

रस्त्यात, बाजारात, दुकानाच्या पाटीवर एखादा शब्द आवडला की तो त्या बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहायच्या. कागद हरवतो, हात हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलं तास सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या हाताकडे बघायची. संध्याकाळी घरी तांदूळ धुताना तो शब्द पुसला जायचा आणि दुसऱ्या दिवशी हात नव्या शब्दाला मोकळा. त्यांचे मिस्टर अतिशय शांत गृहस्थ होते. ते एकदा मला म्हणाले होते की आमच्याकडे रोज इंग्रजी भात असतो.

या शाळेत त्यांना नोकरी कशी लागली, ती गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या आणि प्रत्येक वेळी सारख्याच रंगून सांगायच्या. मुलाखतीला समोर तिघं जण होते. त्यातल्या एकाने एक भलामोठा शब्द टाकला आणि अर्थ विचारला. बाईंना तो येत नव्हता. नाही येत, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग त्याच म्हणाल्या, मी एक विचारू का? मला 'अप' या दोन अक्षरी शब्दाचा अर्थ सांगा. समोरच्यांनी सांगितलं, वर. बाई म्हणाल्या, मग 'शट अप'मध्ये काय वर जातं? 'वॉश अप'मध्ये? आणि 'स्लो अप' म्हटलं काय नि 'स्लो डाउन' म्हटलं काय, गाडी हळूच होते, हे कसं? तिघंही आधी एकमेकांकडे बघायला लागले आणि मग आपापसांत वाद घालायला लागले. वाद बराच वेळ चालला. बाई मधल्या मधे दोन बिस्किटं खाऊन मोकळ्या झाल्या. निघताना त्यांना सांगितलं गेलं की सोमवारपासून या.

दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या पुस्तक मिटून ठेवायच्या आणि एक छोटा शब्द घ्यायच्या. अट एवढीच की तो चार अक्षरांच्या पुढे जायचा नाही. 'रन' हा शब्द घेतला तेव्हा मी शेजारच्या वर्गात होते आणि माझा तास त्या आवाजात वाहून गेला. मुलांनी आधी एकच अर्थ सांगितला, पळणे. बाईंनी त्यांना घरी जाऊन आणखी शोधून आणायला सांगितलं. सोमवारी मुलं अर्थ घेऊन आली. क्रिकेटमधली धाव. दुकान चालवणं. निवडणुकीला उभं राहणं. नळातून पाणी वाहणं. एका मुलीला सर्दी झाली होती, ती उभी राहून म्हणाली, माझं नाक पण रन होतंय. बाईंनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. पळणारं नाक आठवून वर्ग नंतर दिवसभर हसत होता, आणि तो शब्द त्यातला एकही मूल आयुष्यात विसरणार नाही.

त्या मुलांना म्हणायच्या, छोटा शब्द म्हणजे चाळीतला कामाचा माणूस. त्याला दहा घरांतून हाका येतात. मोठा शब्द म्हणजे लग्नातला पाहुणा, कोट घालून एका जागी उभा.

आमचे मुख्याध्यापक देसाई सर भले माणूस, पण सदा काळजीत. काळजी पटसंख्येची. मराठी शाळांतून मुलं कमी होत चालली होती आणि आमचीही सातवी जेमतेम भरत होती. पालक येऊन विचारायचे, तुमच्याकडे इंग्रजी कसं आहे? सर त्यांना शुक्रवारी शेवटच्या तासाला सातवीच्या दाराशी उभं करायचे. बऱ्याच जणांनी त्या दाराशी उभं राहूनच प्रवेश नक्की केला.

त्या वर्षी आमच्याकडे हायवेच्या पलीकडून, खाडीच्या अंगाला बांधलेल्या नव्या इमारतींमधून मुलं यायला लागली होती. शहरात ठिकठिकाणी घरं तुटलेली कुटुंबं तिथे आणून ठेवलेली. कुणी माहुलकडून आलेलं, कुणी परळच्या चाळीतून. घरं पक्की मिळाली, पण तिथून शाळेत यायचं तर हायवेखालचा बोगदा ओलांडून अर्धा तास चालायचं. पावसाळ्यात बोगद्यात गुडघाभर पाणी. त्यांतली एक सानिका परब. हुशार, अबोल, बाकावर नेहमी खिडकीशी.

एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत मोरे बाई स्टाफरूममध्ये जवळजवळ धावतच आल्या. श्वास लागलेला, तळहात समोर धरलेला.

"शुभांगी, चतुर्थी सांग लवकर."

मी म्हटलं, बुधवारी आहे, चंद्रोदय बघावा लागेल. मनात आश्चर्य वाटलं, कारण मोरे बाई बौद्ध, त्या संकष्टी कधीपासून करायला लागल्या?

"अगं ती नाही. विभक्ती. चतुर्थीचे प्रत्यय."

"स, ला, ते. स, ला, ना, ते," मी पाठ म्हटल्यासारखं म्हटलं.

बाईंनी तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर तीन इंग्रजी अक्षरं होती, 'बस'. मग त्यांनी मला सांगितलं ते असं. लॅटिन भाषेत सगळे या अर्थाचा एक शब्द आहे, ओम्नीस. त्याची चतुर्थी केली की होतं ओम्नीबस, म्हणजे सगळ्यांना, सगळ्यांसाठी. फ्रान्समध्ये घोड्यांची एक गाडी निघाली, तिच्यात कुणीही चढावं, म्हणून तिला ओम्नीबस म्हणायला लागले. पुढे इंग्रजांना तेवढंही बोलायचा कंटाळा आला. त्यांनी पुढचा भाग टाकून दिला आणि मागचं शेपूट तेवढं ठेवलं.

"म्हणजे बघ," बाई म्हणाल्या, "सगळ्यांसाठी यातले सगळे गेले आणि साठी उरलं. आपण आयुष्यभर एका प्रत्ययात बसून फिरतोय गं."

मला इतका आनंद झाला की डबा तसाच राहिला, आणि शेवटच्या तासाला मी त्यांच्याबरोबर सातवीत गेले. तो तास आम्ही दोघींनी मिळून घेतला. आपल्या बसणेमधला 'बस' संस्कृतकडून आला, पुरे या अर्थाचा 'बस' फारसीतून आला, आणि रस्त्यावरची बस लॅटिनमधून, हे मी सांगितलं. तीन देशांतून तीन शब्द आले आणि मुंबईत एकाच स्टॉपवर उतरले, असं बाईंनी त्याला जोडलं. मुलं खूष होती. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, सगळ्यांसाठी.

तेव्हा खिडकीशी बसलेली सानिका उभी राहिली. ती आपणहून कधी बोलायची नाही, म्हणून सगळी मुलं तिच्याकडे वळली.

"बाई, सगळ्यांसाठी आहे, तर मग आमच्याकडे का येत नाही?"

बाईंनी खडू ठेवला. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि तेच त्या म्हणाल्या, "माहीत नाही. विचारून सांगते." बाकी शिक्षकही असं म्हणतात. मोरे बाई खरंच विचारायच्या.

तास संपल्यावर त्यांनी सानिकाला थांबवून घेतलं. मग कळलं की तिची आई दिवाळीनंतर तिचं नाव काढणार आहे. बोगद्यात मागच्याच आठवड्यात तिच्या वर्गातली एक मुलगी मोटारसायकलच्या धक्क्याने पडली होती. सानिकाला कणकवलीला मामाकडे ठेवायचं ठरत होतं. तिला जायचं नव्हतं. ते तिने तोंडाने सांगितलं नाही, नुसती बाईंच्या टेबलावरचं डस्टर सरळ करत राहिली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मोरे बाई मला घेऊन बस डेपोत गेल्या. तिथले पेडणेकर साहेब साधे, मध्यमवयीन गृहस्थ होते. आम्ही भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण त्यांनी आधी चहा मागवला आणि आमची सगळी हवाच गेली. ते म्हणाले, त्या इमारतींचं त्यांना माहीत आहे. माणसं आहेत, रस्ता आहे, छोटी बस देताही येईल. अडचण वेगळीच आहे. आत गेलेली बस बाहेर कशी काढायची? रस्ता शेवटच्या इमारतीपाशी संपतो आणि तिथे बस वळायला जागा नाही. अर्ध्या भागात बांधकामाचं डेब्रिज पडलंय, उरलेल्या अर्ध्यात लोकांच्या मोटारसायकली.

"म्हणजे फक्त जागा हवी?" बाईंनी विचारलं.

पेडणेकर हसले. "बाई, मुंबईत फक्त जागा असं कुणी म्हणतं का?"

पण त्यांनी शब्द दिला. जागा मोकळी करा, मी स्वतः बस घेऊन बघायला येतो.

पुढचे रविवार मोरे बाईंनी त्या इमारतींमध्ये घालवले. त्यांनी सभा घेतली नाही, भाषण केलं नाही. एकेका घराची बेल वाजवून त्या आत जायच्या, आपण सातवीच्या बाई आहोत असं सांगायच्या आणि मिळेल तो चहा प्यायच्या. नाही म्हटलं तर दार मनातून बंद होतं, असं त्यांचं मत. चौथ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांना पित्त व्हायचं. मी काही वेळा बरोबर गेले आणि दोन घरांनंतर हात जोडले. बाई पित्ताची गोळी चघळत पुढच्या दाराकडे जायच्या.

सानिकाच्या घरी तिची आजी भेटली. गिरणीत नवऱ्याचा डबा पोचवत जन्म गेलेला, आता गुडघे धरलेले. इथे आल्यापासून ती इमारतीच्या फाटकाबाहेर गेली नव्हती. "गुडघे माजा ऐकनत नाय, आणि रिक्षावालो आत येवक मागना नाय," ती म्हणाली. तिला एकदा परळला जाऊन जुन्या शेजारणीला भेटायचं होतं, आणि शेजारीण आहे की गेली हेही नक्की माहीत नव्हतं.

डेब्रिज उचलायला मंडळाची पोरं तयार झाली. घोडं अडलं ते मोटारसायकलींपाशी. रोशन नावाचा एक तरुण सगळ्यांचा पुढारी. त्याने अगदी शांतपणे विचारलं की बाई, माझी गाडी मी कुठे लावू, डोक्यावर? बाकीचे त्याच्यामागे उभे.  बाईंनी मान डोलावली आणि त्या मला घेऊन त्याच्याच घरी चहाला गेल्या.

घरात रोशनची आई होती. वांद्र्याच्या बाजूला मोठमोठ्या ऑफिसांमध्ये ती साफसफाईला जायची. पहाटे निघायची, कारण नऊच्या आत सगळे मजले पुसून व्हायला हवेत. बाईंनी आपलं म्हणणं तिच्यापुढे मांडलं. रोशनने आपलं मांडलं. आई गॅसपाशी उभी राहून दोघांचं ऐकत होती. चहा कपात ओतून झाल्यावर ती मुलाला म्हणाली, "रोज पहाटे मी त्या बोगद्यातनं चालत जाते. एक दिवस तरी तुझी गाडी मला सोडायला आली का रे?"

 रोशनचे कान लाल झाले. त्याने चहा तसाच ठेवला, किल्ली उचलली आणि खाली गेला. आम्ही गॅलरीतून बघितलं, तो आपली गाडी ढकलत इमारतीच्या मागच्या अरुंद पट्टीत नेत होता. तासाभरात बाकीच्या गाड्याही तिकडे गेल्या. मोरे बाईंनी त्या वेळी विजयाचा चेहरा केला नाही. त्या रोशनच्या आईला एवढंच म्हणाल्या, "चहा छान झालाय, अजून अर्धा देता का?"

पेडणेकर ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी छोटी बस घेऊन आले. सगळ्या इमारतींच्या खिडक्यांतून डोकी बाहेर. बस हळूहळू आत आली, शेवटच्या भिंतीपाशी थांबली, आणि ड्रायव्हरने चाक फिरवायला घेतलं. पुढे गेली, मागे आली. आरसा भिंतीला लागेल असं वाटलं आणि सगळ्यांनी श्वास रोखला. रोशन मागे उभा राहून भिंतीवर थाप मारत होता, येऊ दे, येऊ दे, बस, बस. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग एकदम तिचं तोंड रस्त्याकडे झालं. खिडक्यांतून टाळ्या वाजायला लागल्या. कुणीतरी थाळी वाजवली. मी मोरे बाईंकडे बघितलं.  त्यांचे दोन्ही हात डोक्याच्या वर उंचावलेले होते, मॅच जिंकल्यासारखे.

पेडणेकर म्हणाले, जमतंय. परवानगीचे कागद हलेपर्यंत दिवाळीही उलटली. सानिकाच्या आईने तेवढी वाट बघायचं कबूल केलं, तेही मोरे बाई दर आठवड्याला जाऊन विनवत होत्या म्हणून.

बस सुरू झाली त्या सकाळी आम्ही दोघी मुद्दाम तिथून शाळेला आलो. फेऱ्या मोजक्याच होत्या, पण शाळेची वेळ त्यात बसत होती. सर्वांत आधी परब आजी चढल्या. सानिका एका बाजूने, रोशन दुसऱ्या बाजूने. त्यांनी ठेवणीतलं नऊवारी काढलं होतं. दारामागच्या पहिल्या सीटवर त्या बसल्या आणि काच सरकवून बाहेर बघायला लागल्या. मुलं चढली, कामाला जाणाऱ्या बायका चढल्या. मोरे बाई दांडा धरून मधोमध उभ्या, बसमध्ये जागा असून. प्रत्येक चढणाऱ्याकडे त्या अशा बघत होत्या, जणू लग्नघरात पाहुण्यांचं स्वागत चाललंय.

आजींनी त्यांचा पदर ओढला. "बस गो बाय. किती उभी रवतलंस?"

मोरे बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. आजींना काही कळलं नाही, पण आम्ही हसतोय म्हणून त्याही हसायला लागल्या. मग बाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि बोगदा येईपर्यंत आजींचा हात आपल्या हातात धरून राहिल्या.

परळची शेजारीण हयात निघाली. आजी तिच्याकडे दोन दिवस राहून आल्या. सानिका कणकवलीला गेली ती फक्त मे महिन्याच्या सुट्टीत. आता ती दहावीला आहे.

मोरे बाई पुढच्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी देसाई सरांनी त्यांच्यासाठी बरेच मोठे मोठे शब्द वापरले. बाई शांतपणे ऐकत होत्या, मधूनच माझ्या कानाशी येऊन विचारत होत्या की याचा अर्थ काय गं. मिस्टर गेल्यावर त्या बोरिवलीला लेकीकडे राहायला गेल्या. तिला बाळ झालं होतं. मला वाटलं होतं, त्या तिथे कंटाळतील. ओळखीचं कुणी नाही, शाळा नाही, वर्ग नाही.

मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. त्या थोड्या वाळल्या होत्या, आवाज तसाच. नातू मांडीवर झोपला होता आणि एवढ्या आवाजात जागा होत नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बाईंकडून त्या गुजराती शिकत होत्या आणि बदल्यात त्यांना इंग्रजी शिकवत होत्या. दोघींना मिळून दोन्ही भाषा अर्ध्या अर्ध्या येत होत्या आणि त्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं. मिस्टरांची आठवण निघाली. तेव्हा त्या म्हणाल्या, "गप्प माणूस गेला की घर जास्त गप्प होतं गं. मला आधी वाटलं होतं, उलटं होईल."

मी निघाले तेव्हा बाळाला लेकीकडे देऊन त्या मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आल्या. कोपऱ्यावर वसईकडची एक भाजीवाली टोपली घेऊन बसलेली. बाईंना तिच्याकडची एक लाल पालेभाजी दिसली. हिला काय म्हणतात, त्यांनी विचारलं. भाजीवाली म्हणाली, माठ. शेजारी उभी असलेली एक गुजराती बाई म्हणाली, हा तर तांदळजो. मागून एक कोकणी आजोबा म्हणाले, आमच्याकडे तांबडी भाजी. मोरे बाईंचा चेहरा उजळला. तिघांचं एकदम बोलणं सुरू झालं, आणि बाई प्रत्येकाला थांबवून विचारत होत्या, का म्हणतात, कुठून आलं, तुमची आई काय म्हणायची.

मी रिक्षात बसले, हाक मारली, हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. रिक्षा वळताना मागे बघितलं, तर मोरे बाई टोपलीपाशी उकिडव्या झाल्या होत्या, हातात भाजीची जुडी, आणि भाजीवाली आपल्याखालचं पोतं अर्धं सरकवून त्यांना जागा करून देत होती.